ईस्टरचा बफे आणि अक्काच्या दशम्या

माझ्या ऑफिसातले लोक सुट्टीत महाबळेश्वरला जातात आणि परतल्यावर आठवडाभर तिथल्या खाण्याबद्दल बोलतात. पंच्याऐंशी सालच्या एप्रिलात मी चार दिवस जालन्याला जाऊन आलो, तेव्हा त्यांनी मलाही विचारलं, "तिकडे बघण्यासारखं काय आहे?" जालना जिल्हा होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती आणि पुणेकरांना तो औरंगाबादच्या अलीकडे की पलीकडे हेही ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, बघायला नव्हतो गेलो, जेवायला गेलो होतो. सगळे हसले. पण ते खरं होतं, आणि त्या जेवणाचं काय झालं ते लिहून ठेवायचं म्हणून हा खटाटोप.

जेवायला बोलावलं होतं अक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं. मार्च अखेरीला तिचं पोस्टकार्ड आलं. "डॉक्टरांनी पोटातलं दुखणं सांगितलं आहे. आता औषध नाही म्हणतात. ईस्टरच्या रविवारी आमच्याकडे मोठं जेवण असतं, गाणंबजावणं असतं. तू ये. माहेरचं एक माणूस एकदा माझ्या हातचं जेवून गेलं म्हणजे झालं." खाली सही. पत्र उघडंच, पोस्टमननं वाचलं असलं तरी तिला त्याचं काही नव्हतं.

तिला बघून एकवीस वर्षं झाली होती. अक्का जालन्याला शाळेत शिकवायला लागली आणि त्याच शाळेतल्या संगीताच्या मास्तरांशी तिनं लग्न केलं. मास्तर ख्रिस्ती. आमच्या घरी सांगताना 'धर्म सोडला' असं सांगतात, पण खरी गोष्ट वेगळी आहे. मास्तरांचे आजोबा आमच्याच टेंभुर्णीच्या गावकुसाबाहेरचे. गोरा साहेब जावई झाला असता तर वडिलांनी वाजत गाजत मिरवला असता. वडील गेले तेव्हा अक्काला कळवलंसुद्धा नाही. गावची शेती, घर आणि घराची अब्रू हे सगळं आता मोठ्या भावाकडे, दादाकडे होतं.

मी दादाला लिहिलं. उत्तर चार ओळींचं आलं. "जा. मरणाऱ्याला भेटायला ना न्हाई. पण तिथं अन्न घेऊ नको. सोमवारी पाहुणे येऊन राह्यले, त्यांच्या कानावर गेलं तर पोरीचं नुकसान तुझ्या डोक्यावर." पाहुणे म्हणजे माझ्या थोरल्या मुलीचं स्थळ. दादानं सहा महिने खपून जमवत आणलं होतं, आणि बघण्यासाठी बायको मुलीला घेऊन आधीच टेंभुर्णीला गेली होती.

आता माझ्याबद्दल. पुण्यात मी इराण्याकडे बसून ऑम्लेट-पाव खातो आणि ते कोणी तळलं ते विचारत नाही. जातिभेदावर बोलायला लागलो तर चहा गार होतो. असा मी सुधारक, दादाचं पत्र शर्टाच्या खिशात ठेवून जालन्याला निघालो.

शनिवार

एस.टी.नं दुपारी जालन्याच्या स्टँडवर उतरवलं. एप्रिलचं ऊन असं की रिक्षाच्या सीटवर टेकवेना. नदी ओलांडून जुन्या जालन्यात शिरलो, धान्याच्या आणि कापडाच्या अडतींमधून, हातगाड्यांमधून वाट काढत. रिक्षावाल्याला चर्चमागची चाळ सांगितली तर तो म्हणाला, "मास्तरांकडं? बाजावाल्या?" मास्तरांना सगळं जालना पेटीवरून ओळखत होतं.

दारात तेच उभे होते. पांढरा लेंगा, बारीक चण, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. मी नमस्कार केला पण काय म्हणून हाक मारावी ते सुचेना. बहिणीचा नवरा म्हणजे दाजी. एकवीस वर्षांत हा शब्द मी त्यांच्यासाठी वापरला नव्हता, आणि त्या दिवशीही तो घशाबाहेर आला नाही.

अक्का खाटेवर उशीला टेकून बसली होती. मी मनाची तयारी करून गेलो होतो, ती पुरली नाही. आमच्यातली सगळ्यात अंगानं भरलेली ती. लहानपणी मला कडेवर घेऊन विहिरीवरून घागर आणायची. आता लुगड्याच्या आत माणूस शोधावं लागत होतं.

"आलास का," ती म्हणाली. "बस. म्हातारा झालास रे."

मला रडू आलं आणि मी ते आवरलंही नाही. ती मात्र कोरडी. दादाची, वहिनीची, शेतातल्या चिंचेची एकेकाची चौकशी केली. मग म्हणाली, "उद्या चर्चमधून आलं की अंगणात जेवण हाये. पन तुझ्यासाठी वांग्याची भाजी न् भाकरी मी माझ्या हातानं करनार. उठवत न्हाई, पन उद्या उठते."

हा क्षण येणार हे मला पुण्यापासून ठाऊक होतं आणि एक सबबही जपून आणली होती. पोट बिघडलंय, असं सांगायचं ठरलं होतं. पण तिच्या पोटातलं दुखणं समोर बसलेलं असताना ते तोंडातून निघेना. म्हणून भलतंच निघालं.

"अक्का, उद्या माझा उपवास आहे. संकष्टी."

तिनं माझ्याकडे बघितलं. उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला, मग पुढच्या पेरावर, आणि तिथंच थांबली. आमची आई असेच तिथी मोजायची.

"संकष्टी का," ती म्हणाली. "बरं. मंग तुझ्या उपवासाचं बघते."

मला सुटल्यासारखं झालं. आदल्या दिवशीच, म्हणजे शुक्रवारी, हनुमान जयंती होती. पुण्यात मी देवळातला सुंठवडा खाल्ला होता. पुनवेला सुंठवडा खाल्लेल्या माणसाला दोन दिवसांत चतुर्थी कुठून येणार, एवढा हिशोब पहिलीतलं पोर करील. मला तो सुचला नाही. खोटं बोलायचं तर पंचांग बघून बोलावं.

रात्री गाडीत खाणं झालंय म्हणून जेवण टाळलं आणि समोरच्या लॉजवर झोपायला गेलो. "इथं जागा कमी पडेल," असं मीच म्हणालो. कोणी आग्रह केला नाही.

रविवार

पहाटेची उपासना मी चुकवली. नऊच्या सुमारास पोचलो तर चर्चच्या आवारात कडुलिंबाखाली मांडव आणि मांडवात सतरंजीवर मंडळी बसलेली. ख्रिस्ती गाणं म्हणजे काहीतरी विलायती असेल, कोट घातलेले लोक उभं राहून गात असतील, अशी माझी समजूत. इथं पेटी, ढोलकी, खंजिरी आणि टाळ. मास्तर पेटीवर. समोर पंधरा-वीस बाया डोक्यावर पदर घेऊन, मागं पुरुष. चाली ऐकून मी चपापलो. टेंभुर्णीच्या मारुतीच्या पारावर शनिवारी जे भजन चालतं, त्याच चाली. देव बदलला होता, टाळाचा ठेका तोच होता.

अक्काला खुर्चीत बसवून मांडवाच्या कडेला आणलं होतं. ती गात नव्हती, ओठ हलवत होती. थोड्या वेळानं मास्तरांनी पेटीचा सूर खाली आणला आणि बायांनी एक संथ गाणं उचललं, येशूच्या कबरीकडे निघालेल्या बायांचं.

पहाटेच्या पारी गं बाया निघाल्या कबरीला,
धोंडा कोण सारील माय, घोर लागला जिवाला.

ही आमच्या आईची चाल. जात्यावरची. आईच्या मांडीवर डोकं ठेवून मी ती ऐकली होती, आणि आई गेल्यावर ती कुठंच ऐकली नव्हती. शेजारच्या माणसाला विचारलं, हे कोणाचं गाणं? तो म्हणाला, "बाईंचंच. मास्तरीनबाईंचं. दरसाल ईस्टरला म्हनतेत. आता जाफराबादेतबी म्हनतेत."

म्हणजे आम्ही जिला घरातून काढलं, तिनं आईचा आवाज एकवीस वर्षं सांभाळून ठेवला होता, आणि आमच्या घरी आता कॅसेट लावतात. मी मान खाली घालून बसलो.

साडेदहाला जेवण. न्याहारी म्हणावी तर उशीर, जेवण म्हणावं तर लवकर. पहाटेपासून उपाशी असलेले लोक दोन्ही एकदमच उरकतात आणि तोवर गाणं थांबत नाही, पाळीपाळीनं चालूच राहतं. त्या वर्षी तरुण मंडळींनी नवी टूम काढली होती, बफे. औरंगाबादच्या कुठल्याशा हॉटेलात बघून आले होते. शाळेची बाकं जोडून त्यांवर चादरी, चादरींवर पराती. मटणाचा रस्सा, पुलाव, वांग्याची भाजी, ज्वारीच्या भाकरीची चवड, पाव, रंगवलेली उकडलेली अंडी, शेवयांची खीर. ज्यानं त्यानं ताट घ्यायचं आणि आपल्या हातानं वाढून घ्यायचं.

मंठ्याकडून आलेला एक म्हातारा ताट घेऊन सरळ जमिनीवर मांडी घालून बसला आणि वाढप्याची वाट बघत राहिला. कोणी येईना. शेवटी तो मला म्हणाला, "ही कसली रीत? पंगतीत वाढनारा इचारतो, भाकरी देऊ का, रस्सा देऊ का. इथं पाहुना उपाशी उठला तरी कुनाला कळायचं न्हाई."

मला नेमकं तेच सोयीचं होतं. पंगतीत पानावर बसलो असतो तर सुटका नव्हती. बफेत ताट हातात धरून मी इकडून तिकडे फिरलो असतो तरी चाललं असतं. पण तेवढीही गरज पडली नाही. मास्तर मला शेवटच्या बाकाकडे घेऊन गेले. तिथं एका कोपऱ्यात झाकलेलं पातेलं आणि स्टीलची वाटी.

"भगर न् शेंगदान्याची आमटी," ते म्हणाले. "पलीकडच्या गल्लीतल्या जोशीकाकूंकडून आनली. भांडीबी त्यांचीच. हिनं काल सांजच्याला सांगून ठेवल्तं. तुम्हाला बिलकुल अडचन न्हाई."

मी भगर खाल्ली. जोशीकाकूंची, जोशीकाकूंच्या भांड्यात. भोवती दीडशे माणसं एकमेकांच्या ताटात हात घालून जेवत होती, बाया गात होत्या, आणि मी कोपऱ्यात पाठमोरा उभा राहून चमच्यानं भगर गिळत होतो. वळून बघितलं तर अक्का खुर्चीतून माझ्याकडेच बघत होती. तिच्या मांडीवर ताट होतं. भाकरीला तिनं हात लावलेला नव्हता.

एका बाईनं येऊन माझ्या हातात जांभळं रंगवलेलं अंडं ठेवलं. "बाईंचे भाऊ ना तुम्ही?" म्हणाली. नाही कसं म्हणणार? शर्टाच्या खिशात टाकलं, दादाच्या पत्राशेजारी. घामानं त्याचा रंग उतरला आणि खिशावर जांभळा डाग पडला. तो अजून आहे.

दुपारी मी टेंभुर्णीला निघालो. अक्का आत खाटेवर पडली होती. तिनं उशाखालून पांढऱ्या फडक्यात बांधलेलं पुडकं काढलं.

"दशम्या हायेत. दुधात भिजवल्यात, पान्याचा थेंब न्हाई. दुधातल्याला इटाळ नस्तो, आई म्हनायची. चंद्र निघाला की यांच्यावर उपवास सोड."

प्रवासात परक्या हातचं खाताना बाट नको म्हणून पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवायचं, ही आमच्या घराण्याची रीत. परक्या हातचं! माझ्या बहिणीनं स्वतःला परकं धरून माझ्यासाठी वाट काढली होती. उशीच्या उबेनं पुडकं कोमट होतं. मी म्हणालो, "खातो अक्का. नक्की खातो."

"जा मंग," ती म्हणाली. "गाडी जाईल."

स्टँडवर टेंभुर्णीची गाडी तासभर उशिरा होती. मी बाकावर पुडकं मांडीवर घेऊन बसलो. आधी वाटलं, इथंच खाऊन टाकावं, कोण बघतंय? तेवढ्यात गावचा एक ओळखीचा माणूस दिसला. त्यानं हात केला आणि माझ्याकडे येऊ लागला. खिशात दादाचं पत्र होतं. मी घाईनं गाठ सोडली, दशम्या बाकामागं टाकल्या आणि फडकं पिशवीत कोंबलं. एक कुत्रं आलं. त्यानं एक दशमी तोंडात धरली, टाकली, हुंगली, पुन्हा धरली. मग बाकीच्या तशाच टाकून पाण्याच्या टाकीकडे निघून गेलं. मला तेव्हा राग आला, की मेल्या, तुलाही चालत नाहीत का?

गावच्या माणसानं विचारलं, "जालन्याला कुणीकडं गेल्ता?" मी म्हणालो, कामानं.

सोमवार, टेंभुर्णी

टेंभुर्णीत बाजारपेठ वाढली आहे, मारुतीच्या देवळाला रंग दिला आहे, चिंच तोडली आहे. पाहुणे अकराला आले. मुलगा बँकेत, नाकीडोळी बरा. सगळं यथासांग झालं. दादा खूश. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तू बराबर वागलास म्हनून झालं हे." शर्टाच्या डागाकडे बघून विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, शाई.

पाहुणे उठल्यावर सगळे जेवायला बसले. वहिनी वाढत होती. तुम्ही बसा म्हटलं तर म्हणाली, "माझी आज संकष्टी हाये, भावजी."

मी म्हणालो, "काल होती ना?"

"काल कुठली? आज हाये. कॅलेंडर बघा." मग आवाज खाली आणून, दादाकडे पाठ करून तिनं विचारलं, "वन्संनी काय केल्तं जेवायला?"

मी घास तसाच धरून बसलो. शनिवारी अक्काचा अंगठा दुसऱ्या पेरावर थांबला होता. तिनं मोजलं होतं. तिचा तर ईस्टरही पुनवेवरूनच ठरतो, दर साली बघायची ती. माझी चतुर्थी खोटी आहे हे तिला तिथल्या तिथं कळलं, आणि तरी तिनं जोशीकाकूंकडं निरोप पाठवला. भाऊ उघडा पडू नये म्हणून वांग्याच्या भाजीचा हट्ट सोडला.

वहिनी अजून उभीच होती. मी म्हणालो, "दशम्या केल्या होत्या."

"आईंसारख्या?" वहिनीनं विचारलं. मी मान हलवली आणि वरणात बघत राहिलो.

मंगळवार

सकाळच्या पहिल्या गाडीनं जालना. ठरवून गेलो होतो की जाऊन सांगायचं, वाढ, मी जेवणार आहे. दादाला काय करायचं ते करू दे.

चूल थंड होती. अक्का रविवारी संध्याकाळपासून उठलीच नव्हती. मी खाटेजवळ बसलो. तिनं डोळे उघडले, मला ओळखायला वेळ लागला.

"दशम्या खाल्ल्या का?"

ठरवून आणलेलं सगळं तिथं मोडलं. तिच्या तोंडावर मी कसं सांगू की टाकल्या? मी म्हणालो, "खाल्ल्या. त्यांच्यावरच उपवास सोडला."

"मीठ बराबर होतं का?"

"एकदम बराबर, अक्का. आईच्या हातची चव."

ती माझ्याकडे बघत राहिली. शनिवारी बघितलं होतं तसंच. मग म्हणाली, "बरं झालं," आणि भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळानं तिला ग्लानी आली.

मास्तरांनी स्टोव्हवर वरणभात केला. "तिच्या हातचं आता व्हनार न्हाई," ते म्हणाले. "माझ्या हातचं चालंल का?" मी म्हणालो, "वाढा, दाजी." शब्द आला एकदाचा. त्यांनी ताट मांडलं. मी त्यांच्या घरी, त्यांच्या ताटात, त्यांच्या शेजारी बसून जेवलो. अक्का भिंतीकडे तोंड करून झोपली होती. तिनं ते बघितलं नाही.

जेवता जेवता दाजी म्हणाले, "तुम्ही तिला बरं बोललात. रविवारी तीन वाजता उठली पहाटं. मी धरलं, तिनं दशम्या थापल्या. औषधानं तोंडाची चव गेलीय तिची, मीठ दोनदा पडलं. मी एक खाऊन पाह्यली, तोंडात धरवंना. तिला सांगितलं तर रडाय लागली. दुसऱ्या करायची ताकत न्हवती. म्हनली, असू द्या, खाल्ल्या तर तो सांगंल."

मी भात कालवत राहिलो.

"तुम्ही बराबर होतं म्हनालात," दाजी म्हणाले. "लई मोठं मन तुमचं."

अक्का त्यानंतर बारा दिवसांनी गेली. मी जाऊ शकलो नाही. साखरपुडा होता.

फडकं माझ्याकडे आहे, धुतलेलं. ऑफिसात अजून कोणी तरी विचारतं, जालन्याला काय खाल्लं? मी भगर सांगतो, वरणभात सांगतो. दशम्या खारट होत्या हेही मला ठाऊक आहे, पण ते दाजींनी सांगितलं म्हणून.